तो देव माझा नाही, मग त्याचे नाव तोंडी आले तर काय बिघडले?

मी समुपदेशक आहे. परीक्षेच्या दिवसांत माझ्याकडे येणारी मुले बहुधा झोप उडाल्याची तक्रार घेऊन येतात, आणि झोप का उडाली हे सांगायला त्यांना दुसरी-तिसरी भेट लागते. गेल्या उन्हाळ्यात आलेल्या वीस वर्षांच्या मुलीने मात्र पाचव्या मिनिटालाच विचारले, "मॅडम, मी ख्रिश्चन नाही. मग त्यांच्या देवाचं नाव माझ्या तोंडून निघालं, तर ते पाप मला लागतं का?" ती पैठण तालुक्यातल्या माळकरी घरातली, छत्रपती संभाजीनगरात इंजिनिअरिंग शिकते आणि भाड्याच्या खोलीत जालन्याकडच्या एका ख्रिस्ती मुलीबरोबर राहते. ओळख पटू नये इतपत तपशील मी बदलले आहेत.

घडले ते एवढेच. गॅसवरचे दूध उतू गेले आणि हिच्या तोंडून नेहमीसारखे "जीझस क्राइस्ट!" निघाले. खोलीतल्या मैत्रिणीने फडके घेऊन ओटा पुसला, फडके पिळून वाळत घातले आणि मग हळू आवाजात सांगितले, "वर्षभर बोलले नाही, पण माझ्या देवाचं नाव तू शिवीसारखं घेतेस, ते मला लागतं." त्यानंतर आठ दिवस दोघींमध्ये "किल्ली कुठे आहे" आणि "डबा आला का" यापलीकडे बोलणे नव्हते.

मुलीच्या मनात दोन गोष्टींची गुंतवळ झाली होती. एकीकडे आपल्या हातून काहीतरी वाईट घडल्याची टोचणी होती आणि दुसरीकडे रागही होता: मी तिला काही म्हटले नाही, तिच्या धर्माला नावे ठेवली नाहीत, मग तिच्या धर्माचा नियम माझ्यावर का? हा गुन्हा होतो का, असेही तिने भीत भीत विचारले. धार्मिक भावना दुखावण्यासाठी मुद्दाम उच्चारलेल्या शब्दांबद्दलचे जुन्या दंड संहितेतले २९८ कलम आता भारतीय न्याय संहितेत ३०२ झाले आहे, असे मी सांगितले तेव्हा ती दचकलीच, कारण आपल्याकडे ३०२ म्हटले की खूनच आठवतो. त्या कलमाला दुखावण्याचा जाणूनबुजून ठेवलेला हेतू लागतो आणि तसा तिचा नव्हता, एवढे बोलून मी कायद्याचा विषय बाजूला ठेवला.

नियमाबद्दल तिचे म्हणणे मला खोडून काढायचे नव्हते, कारण ते बरोबरच होते. "परमेश्वराचे नाव व्यर्थ घेऊ नकोस" ही दहा आज्ञांपैकी एक आज्ञा बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात येते, आणि ती ज्यांनी त्या देवाशी करार केला त्यांना उद्देशून दिलेली आहे. यहुदी लोक तर त्या आज्ञेच्या धाकाने देवाचे मूळ नाव उच्चारतच नाहीत, त्याऐवजी "प्रभू" अशा अर्थाचा शब्द वाचतात. ही शिस्त ज्याने त्याने आपल्या श्रद्धेपोटी स्वीकारायची असते आणि बाहेरच्या माणसावर ती लादता येत नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितले. पापाचा हिशेब माझ्या खुर्चीत बसून होत नाही, हेही सांगितले. टोचणी थोडी उतरली. पण मैत्रिणीला ते का लागते, हा प्रश्न तसाच राहिला होता, आणि झोप त्यानेच उडाली होती.

इथे मी एक ठरीव युक्ती वापरली आणि ती साफ फसली. मी म्हटले, "समज, दूध उतू गेल्यावर तिनं वैतागून 'विठ्ठल!' म्हटलं असतं तर?" मुलगी खळखळून हसली. "मॅडम, आमच्या घरी आजोबा रोज म्हणतात! दूध सांडलं तरी विठ्ठला, लाईट गेली तरी विठ्ठला." मग तिनेच मला गंगाखेडच्या जनाबाईची आठवण करून दिली, जी विठ्ठलाला "विठ्या" म्हणते, कारटा म्हणते, त्याला नको नको ते ऐकवते, आणि तिचे ते अभंग वारकरी टाळ वाजवत गातात. मला काही क्षण उत्तर सुचले नाही. समुपदेशकाने हे कबूल करायला हरकत नसावी.

उत्तर तिच्याच बोलण्यातून निघाले. मी विचारले की जनाबाई ते कोणाला म्हणते. "विठ्ठलाला." आणि आजोबा? "तेही विठ्ठलालाच." मग तू जीझस म्हणतेस तेव्हा कोणाला हाक मारतेस? ती गप्प झाली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "कोणालाच नाही. मी तर तो इंग्लिश शब्द समजत होते." खरी गोम इथे होती. तिच्या लेखी "जीझस" हा वेब सिरीजमधून जिभेवर बसलेला एक उद्गार होता आणि मैत्रीण रात्री उशाशी बसून ज्याची मराठीत प्रार्थना करते तो "प्रभू येशू" कोणी वेगळाच होता; दोन्ही नावे एकाचीच आहेत, हे तिला ठाऊक असूनही कधी जाणवले नव्हते. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसवले, तेव्हापासून त्या भागातल्या ख्रिस्ती घरांत प्रार्थना आणि भजने मराठीतच चालत आली आहेत. पण त्या घरातल्या मुलीला त्या इंग्रजी शब्दातही आपला येशूच ऐकू येणार होता.

मग ती स्वतःहून म्हणाली, "म्हणजे मी माझ्या आईवर चिडले तर चालतं, पण शेजारच्यानं आईवरून शिवी दिली तर नाही चालत. तसंच ना?" मराठवाड्यात आईवरून शिवी म्हणजे काय, हे समजावण्याची कोणाला गरज पडत नाही. जनाबाईचे भांडण घरातले आहे, आणि ते ज्याच्याशी आहे त्याच्या तोंडावर आहे. उतू गेलेल्या दुधावर फेकलेले नाव मात्र कोणालाच उद्देशून नसते. त्याचा फक्त आवाज वापरलेला असतो, आणि ज्याच्या आपल्या माणसाचे ते नाव असते त्याला नेमके तेच बोचते.

आणखी एक गंमत मला तिला दाखवायची होती. इंग्रजीत शपथ घेणे आणि शिवी देणे यांना "स्वेअर" हे एकच क्रियापद चालते, कारण तिथल्या जुन्या शिव्या मुळात देवाच्या नावाने घेतलेल्या खोट्या-उथळ शपथाच होत्या. इंग्लंडमध्ये १६०६ साली नाटकात देवाचे किंवा ख्रिस्ताचे नाव उथळपणे घेतल्यास दहा पौंड दंड करणारा कायदा झाला, आणि "गॉड"चे "गॉश" किंवा "जीझस"चे "जीझ" अशी नावे मोडून वापरण्याची पळवाटही त्या भाषेने काढली. तिथे त्या शब्दाला चव आहे ती मनाईमुळे. ज्या घरात ती मनाईच नव्हती, त्या घरातल्या मुलीला त्या शब्दातून काय मिळणार?

हे पुस्तकी वाटेल, पण त्याचा पुरावा आमच्या डोळ्यांसमोरच मिळाला. माझ्या टेबलाचा खालचा ड्रॉवर अडकतो. वही काढून द्यायला ती वाकली, ड्रॉवर एकदम सरकला, तिचे बोट चेमटले आणि ती ओरडली, "आई गं, माय!" जीझस कुठेच नव्हता. बोटावर पाणी सोडता सोडता मी तिला इंग्लंडमधल्या कील विद्यापीठातला प्रयोग सांगितला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात बर्फगार पाण्यात हात बुडवून लोकांनी साधा शब्द म्हणताना सोसली त्यापेक्षा शिवी म्हणताना जास्त वेळ कळ सोसली, आणि पुढे २०२० मध्ये तिथल्याच संशोधकांनी मुद्दाम बनवलेल्या नकली शिव्या वापरून पाहिल्या तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. खरी कळ आली की जीभ आपल्या घरचा शब्द शोधते. उसना शब्द नुसत्या वैतागापुरता असतो, म्हणून तो सोडताना फारसे काही गमवावे लागत नाही.

सोडायचा, हे तिनेच ठरवले. मी ते सुचवले नव्हते. सवय मोडण्याची जी पद्धत एझरिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडली, तिच्यात आधी सवयीचे भान आणायचे असते आणि मग तिच्या जागी दुसरी कृती बसवायची असते. आम्ही दोन स्टीलच्या वाट्या घेतल्या. शब्द निसटला की एका वाटीतला शेंगदाणा दुसऱ्या वाटीत टाकायचा, स्वतःला रागवायचे नाही. पहिल्या दिवशी एकोणीस दाणे पडले, तेव्हा तिला स्वतःलाच विश्वास बसेना. बदली शब्द म्हणून मी "अरेच्चा" सुचवला. तो तिने पुस्तकी म्हणून नाकारला आणि "अगं माय" घेतला. मैत्रिणीला मात्र पहारेकरी करायचे नाही, हे मी बजावले, कारण चुका मोजणारी माणसे एका खोलीत फार दिवस नांदत नाहीत.

मैत्रिणीशी काय बोलायचे यावर आम्ही बराच वेळ घालवला. तिच्या पहिल्या मसुद्यात "सॉरी, पण मी काही तुला उद्देशून..." असे होते. "पण"च्या पुढचे सगळे खोडून टाकल्यावर जे उरले, ते तिने डबा खाताना बोलून टाकले: "मला वाटलं नव्हतं की तुला लागत असेल. आता कळलंय." मैत्रीण रडली नाही की तिने मिठीही मारली नाही. तिने पोळी मोडता मोडता सांगितले की बोलू की नको, असे तिचेही वर्षभर चालले होते, कारण वर्गात तिच्या धर्माची ती एकटीच आहे आणि "तुमचं काय ते वेगळंच" हे वाक्य तिने शाळेपासून ऐकले आहे. आणि "ओ माय गॉड" तर ती स्वतःही दिवसातून दहा वेळा म्हणते, तेव्हा आजी तिला ओरडते. त्या आजीला "देवाशप्पथ"सुद्धा खपत नाही, कारण शपथच वाहू नका, तुमचे होय ते होय असू द्या, असे येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितले आहे.

शेवटच्या भेटीत मी वाट्यांची चौकशी केली. माझा सल्ला दोघींनी धाब्यावर बसवला होता: आता हिच्या तोंडून "जी—" एवढे निघाले की मैत्रीण अभ्यासातून मान वर न करता "दाणा" म्हणते. आणि रात्री जागताना ती दुसऱ्या वाटीतले दाणे खाऊन टाकते, त्यामुळे आकडा काय झाला, हे कोणालाच सांगता येत नाही.