द्राक्षाची मर्यादा ब्रुसेल्समध्ये ठरते, मग विचारायचं कुणाला?

प्रश्न : ताई, दिंडोरी तालुक्यात माझी द्राक्षबाग आहे. माल नेदरलँड्सला जातो. एखाद्या औषधाची एमआरएल (मालात त्याचा अंश किती चालतो, ती कमाल मर्यादा) तिकडे खाली आणतात आणि आपल्याला उशिरा कळतं. हे ठरवतं कोण? आपल्याला बोलता येतं का?
– एक बागायतदार

उत्तर : दादा, मूळ कायदा युरोपीय संघाचा, 2005 चा, क्रमांक 396. वेगळी मर्यादा ठरवलेली नसेल तिथे किलोला 0.01 मिलिग्रॅम धरतात. मर्यादा बदलायची तर ब्रुसेल्समधला युरोपीय आयोग, म्हणजे संघाची कार्यकारी यंत्रणा, मसुदा करतो आणि सदस्य देशांच्या प्रतिनिधींची स्थायी समिती त्यावर मतदान करते. युरोपीय संसदेला हरकत घेता येते. समितीचा एकूण निकाल जाहीर होतो, पण कोणत्या देशाने काय मत दिलं ते नाही. मला हे मुळीच पटत नाही. आपल्या सरकारने काय मत दिलं, हे डच मतदारालाही कळू नये? मोठ्या कायद्यांच्या बाबतीतही हाच आक्षेप आहे. 2018 मध्ये युरोपीय संघाच्या तेव्हाच्या लोकपाल एमिली ओ'रायली यांनी सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेच्या बंद दाराआडच्या कामावर ठपका ठेवला होता.

तुम्ही तिथले मतदार नाही, तरी बोलता येतं. असे मसुदे जागतिक व्यापार संघटनेला कळवले जातात आणि हरकतींना साधारण 60 दिवस मिळतात. तुमचं म्हणणं केंद्र सरकारमार्फत जातं. ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत ही सूचना कोण वाचणार? म्हणून गावातल्या निर्यातदार बागायतदारांनी मिळून एकाला हे काम नेमूनच द्या. हरकतीत औषधाचं नाव, फवारणी ते काढणीतलं अंतर आणि प्रयोगशाळेचे अहवाल हवेतच. 'आमचं नुकसान होईल' एवढ्यावर तिथे कुणी मर्यादा बदलत नाही.