फ्रीजमधला गॅस गेला: आधी गळतीची नोंद, मग दुरुस्ती

तासगावच्या एका ताईंचा प्रश्न आहे. सांगलीतल्या दुकानातून घेतलेला सिंगल डोअर फ्रीज आठ महिन्यांचा. वॉरंटी एक वर्षाची. फ्रीजरमध्ये बर्फ साचला म्हणून डीफ्रॉस्टचं बटण दाबून साफसफाई केली, आणि दोन दिवसांत कूलिंग बंद. कंपनीच्या मेकॅनिकने जॉबशीटवर (भेटीच्या नोंदीच्या कागदावर) ‘चाकू लागून गॅस गेला, वॉरंटी लागू नाही’ असं इंग्रजीत लिहून सही घेतली. सासूबाईंनी उलथन्याने बर्फ खरवडला असावा, अशी शंका आहे. हे लपवावं का?

ताई, लपवू नका. प्रकरण ग्राहक आयोगाकडे गेलं तर तिथे तुमचं म्हणणं शपथपत्रावर जातं. एक गोष्ट खोटी निघाली की खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. सासूबाईंना शांतपणे विचारा, उलथनं नेमकं कुठे लागलं. त्यांनी घरकामाच्या सवयीनेच ते केलं असणार, त्यांना दोष देत बसू नका.

पण उलथनं लागलं म्हणून वॉरंटी आपोआप जात नाही. गॅस कुठून गेला, यावर सगळं ठरतं. सिंगल डोअर फ्रीजमध्ये बहुधा फ्रीजरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यातच गॅसच्या नळ्या असतात. तिथे भोक सापडलं तर तुमची बाजू कमकुवत आहे, हे मोकळेपणाने सांगते. मग दुरुस्तीचा खर्च सोसणंच शहाणपणाचं. पत्र्यावर नुसता ओरखडा आहे आणि गळती मागच्या बाजूच्या नळीच्या जोडावर आहे, तर तो दोष तुमच्या माथी मारता येणार नाही. मेकॅनिकने साबणाचा फेस लावून गळतीची जागा दाखवली होती का? तुमच्या पत्रात तसा उल्लेख नाही, म्हणून मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो.

त्यामुळे बाहेरच्या मेकॅनिककडून आत्ताच गॅस भरून घेऊ नका. जोड बदलला की पुरावा गेला. प्लग काढून ठेवा, आतून-मागून फोटो काढा, आणि कंपनीला आजच ईमेल करा: ‘सही फक्त भेटीची पोच म्हणून केली, त्यावर लिहिलेलं कारण मला मान्य नाही, माझ्यासमोर गळतीची जागा दाखवून लेखी द्या.’ न वाचता केलेली सही म्हणजे कबुली नव्हे, मात्र हरकत लगेच नोंदवलेली बरी.

दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, आणि तरीही नाही तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. कंपनीचं मुख्यालय दिल्लीत असो की चेन्नईत, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकार आयोगाला आहे. तशी मागणी अर्जातच करा. सोबत बिल, वॉरंटी कार्ड, जॉबशीट आणि त्या ईमेलची प्रत जोडा.