देवाशी भांडलास तरी चालेल

तुझं पत्र काल तीनदा वाचलं. ‘देव चांगला आहे, तर मग हे का?’ या ओळीखाली तू दोन रेघा मारल्या आहेस. उत्तर माझ्याकडे नाही. असतं तरी आत्ता सांगितलं नसतं; या दुःखाच्या दिवसांत ते नुसतं कानावरून गेलं असतं.

एक मात्र लगेच सांगतो. गेल्या जन्मीचं पाप, देवाने घेतलेली परीक्षा, ‘जे होतं ते भल्यासाठीच’ असलं काही घेऊन कुणी आलं, तर पाणी विचार आणि वाटेला लाव.

बायबलमधला ईयोब हा सज्जन माणूस; मुलंबाळं, धन, तब्येत सगळं गेलं त्याचं. त्याचे तीन मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसून राहिले, एक शब्दही न बोलता. तेवढंच त्यांनी बरोबर केलं. नंतर तोंड उघडलं ते ‘तुझंच काहीतरी चुकलं असणार’ हे पटवायला. ईयोब मात्र थेट देवालाच जाब विचारत राहिला. त्याच्या नावाच्या पुस्तकात ३८व्या अध्यायात देव बोलतो, पण ‘का’ला हातच लावत नाही. उलट विचारतो, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? (हे मला आजही पुरतं पटत नाही, खरं सांगतो.) पण शेवटी देवाचा राग निघतो तो देवाचीच वकिली करणाऱ्या मित्रांवर. माझ्याविषयी ईयोब बोलला तसं योग्य तुम्ही बोलला नाहीत, असं तो त्यांना सुनावतो. वकिलांना फटकार आणि भांडणाऱ्याला शाबासकी! ही ओळ मी कितीतरी वर्षं नुसती वाचून पुढे जात होतो.

आपल्या तुकोबांचंही बघ. १६३०च्या दुष्काळाने घर धुऊन नेलं, पहिली बायको अन्न अन्न करत गेली. हेच तुकोबा विठ्ठलाला टाकून बोलताना माझ्यापुरता देव मेला, इथवर गेले. आणि तरी बोलत राहिले ते त्याच्याशीच. परक्याने फसवलं तर आपण गुपचूप उठून येतो, इतकं भांडत बसत नाही.

माझा धाकटा भाऊ गेला त्यानंतर वर्षभर मी हात जोडले नाहीत. रात्री दिवा मालवला की अंधारात ‘तुला लाज कशी वाटत नाही?’ एवढंच म्हणायचो. ते कुणाला म्हणतोय, हा प्रश्न बऱ्याच उशिरा पडला. भाऊ का गेला ते अजून कळलेलं नाही. देव चांगला आहे असं मी मानतो, आणि त्याचा हिशेब मला लागत नाही. दोन्ही गोष्टी माझ्या घरात शेजारी शेजारी राहतात, फारसं बोलणं नाही.

प्रार्थना होत नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. जेवत जा, झोप येत नसेल तर डॉक्टरांना सांग.

शनिवारी येतो. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस. त्या मित्रांचे पहिले सात दिवस मला जमतील असं वाटतं.

तुझा,
काका