मागायची वेळच येऊ नये अशी माहिती: वाचकांचे प्रश्न

माहिती अधिकारावर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, भरपूर आले. बहुतेकांचा सूर एकच, माहिती आता नेटवर असते म्हणतात पण आमच्या हाताला लागत नाही. त्यातले सहा प्रश्न घेतलेत.

प्रश्न: आमच्या गावात पाणंद रस्ता झाला, म्हणजे कागदावर झाला. ग्रामपंचायतीत विचारलं तर म्हणतात सगळं ऑनलाइन आहे, तिकडे बघा. ऑनलाइन बघितलं तर एक स्कॅन केलेली पीडीएफ, अर्धं पान काळं. आता काय करायचं? (सांगोला तालुका)

काळी पीडीएफ चढवली म्हणजे माहिती दिली असं मी मानत नाही, आणि कायद्याचं कलम ४ वाचलंत तर तुम्हीही मानणार नाही. माहिती अधिकार म्हटलं की आपल्याला अर्ज, दहा रुपयांचं तिकीट आणि उत्तराची तीस दिवसांची मुदत एवढंच आठवतं. पण हा कायदा १२ ऑक्टोबर २००५ ला लागू झाला तेव्हापासून त्यात लिहिलंय की प्रत्येक कार्यालयाने सतरा प्रकारची माहिती स्वतःहून जाहीर करायची, त्यात बजेट आलं, खर्च आला, अधिकाऱ्यांचे पगार आले, अनुदान कोणाला दिलं ते आलं. आणि ती अशा पद्धतीने द्यायची की लोकांना अर्ज करायची गरजच कमीत कमी पडावी, तिथे इंटरनेटचा उल्लेख नाव घेऊन आहे! स्थानिक भाषेत, लोकांना सहज मिळेल अशी, हेही त्याच कलमात आहे. म्हणजे वीस वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांना जे सुचलं होतं ते आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना होत नाहीये, याचं मला खरंच वाईट वाटतं.

होऊ शकतं हे राजस्थानने दाखवलंय. २०१९ मध्ये तिथे जन सूचना पोर्टल सुरू झालं, रेशन, पेन्शन, रोजगार हमी अशा योजनांची माहिती गावाच्या पातळीपर्यंत एकाच ठिकाणी, अर्ज न करता. आपल्याकडे अजूनही कित्येक पत्रकं स्कॅन करून टाकलेली असतात नाहीतर जुन्या फॉन्टमधली, त्यामुळे गावाचं नाव मराठीत टाकून सर्च केलं तर काहीच सापडत नाही, कागद तिथेच असतो आणि तरी नसल्यासारखा. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्चमध्ये सापडेल अशा मराठीत टाइप केलेली साधी फाइल चढवायला जास्तीचा एक रुपया लागत नाही.

आता तुमच्या रस्त्याचं. आधी ई-ग्रामस्वराज या ग्रामपंचायतींच्या सरकारी साइटवर जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडून त्या वर्षीचा आराखडा आणि खर्च बघा, तुमचा रस्ता वित्त आयोगाच्या पैशातून झाला असेल तर कामाचं नाव आणि रक्कम तिथे सापडायला हवी, ती उतरवून घ्या. मग अर्ज करा आणि त्यात 'रस्ता का नाही झाला' असं विचारू नका, कागद मागा: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिकेची त्या कामाची पानं, देयकं आणि पूर्णत्वाचा दाखला, साक्षांकित प्रतीत. एमबी सगळ्यात महत्त्वाची, कारण किती लांबी, किती रुंदी, किती जाडीचा थर हे तिथे लिहून कोणीतरी सही केलेली असते आणि तुम्ही टेप घेऊन रस्त्यावर जाऊन ताडून बघू शकता. नुसत्या प्रतीच नाही, मूळ रेकॉर्ड बसून बघायचा आणि वापरलेल्या मालाचा नमुना घ्यायचाही हक्क कायद्यात आहे.

प्रश्न: ऑनलाइन अर्ज चालतो ना? किती शब्दांचा? (नाशिक)

चालतो. राज्याचं आरटीआय म्हणजे माहिती अधिकाराचं ऑनलाइन पोर्टल आहे, दहा रुपये तिथेच भरता येतात. महाराष्ट्राच्या नियमात २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द असं बंधन आहे, केंद्राच्या कार्यालयांना पाचशे शब्द. ज्या कार्यालयाचं नाव पोर्टलच्या यादीत नसेल तिथे कागदावर कोर्ट फी स्टॅम्प लावून द्या आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. उत्तराची तीस दिवसांची मुदत उलटून गेली तर पुढे प्रतींचे पैसे द्यावे लागत नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

प्रश्न: घरकुल योजनेत कोणाकोणाला पैसे मिळाले ती यादी मागितली. उत्तर आलं की नवीन डेटा कायद्यामुळे ही वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही. हे खरं आहे का? (परभणी जिल्हा)

कायदा बदललाय हे खरं, पण त्या बदलातून हे उत्तर निघत नाही. नीट सांगतो, कारण हा प्रश्न आता वारंवार येणार.

आधी कलम ८(१)(ञ) मध्ये वैयक्तिक माहिती नाकारायला अटी होत्या, ती सार्वजनिक कामाशी संबंधित नसली पाहिजे किंवा तिच्यामुळे विनाकारण खासगीपणा मोडत असला पाहिजे. शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही माणसाला नाकारता येणार नाही असंही वाक्य होतं, फार मोलाचं वाक्य. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने हे सगळं काढून फक्त 'वैयक्तिक माहिती' एवढंच ठेवलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल लागू झाला. माझ्या मते हा या कायद्याला बसलेला सगळ्यात मोठा धक्का आहे.

असं का म्हणतो ते सांगतो. माहिती अधिकाराची चळवळ उभी राहिली राजस्थानात, मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून गावागावात जनसुनावण्या घेतल्या, तिथे दुष्काळी कामांचे मस्टर म्हणजे मजुरांची हजेरीपत्रकं मोठ्याने वाचून दाखवायचे आणि ज्याचं नाव वाचलं तो माणूस उठून सांगायचा की मी तर त्या कामावर गेलोच नव्हतो, किंवा हा तर कधीच वारलाय. १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं झालं ते याच कागदांसाठी. चोरी पकडली गेली ती नावांमुळे. नावं झाकली तर मस्टर हा नुसता आकड्यांचा तक्ता उरतो, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

तुमच्या हातात अजून काय आहे? एक, कलम ८(२) शिल्लक आहे, सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते, ते अर्जात किंवा अपिलात स्पष्ट लिहा. दोन, कलम ४ तसंच आहे आणि अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील त्यात स्वतःहून जाहीर करायच्या यादीतच आहे, मग तो मागितल्यावर नाकारायचा कसा? तीन, कलम १० प्रमाणे बँक खातं, आधार नंबर असं काही असेल तर तेवढं झाकून बाकीचं द्यायचं, तुम्हीच लिहून टाका की ते आम्हाला नकोच आहे. तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा, त्याला वीस रुपये लागतात, आणि माहिती का नाकारली हे पटवून द्यायची जबाबदारी अपिलात अधिकाऱ्याची असते, तुमची नाही.

प्रश्न: सोसायटीचा सेक्रेटरी हिशोब दाखवत नाही. आरटीआय टाकू का? (डोंबिवली)

थेट सोसायटीला नाही लागत. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सांगितलंय की सरकारचा मोठा पैसा किंवा खरं नियंत्रण नसेल तर सहकारी संस्था या कायद्यात येत नाही. पण त्याच निकालात वाट पण आहे, सहकार खात्याच्या उपनिबंधकाला कायद्याने सोसायटीकडून जी माहिती मागवता येते ती तुम्ही उपनिबंधकाच्या कार्यालयात अर्ज करून मागू शकता. आणि तुम्ही सभासद आहात ना, मग सहकार कायद्याखाली स्वतःचे व्यवहार आणि सभांची इतिवृत्तं बघायचा हक्क आहेच, तो आधी लेखी मागा.

प्रश्न: वाळूबद्दल अर्ज करायचाय पण घरचे घाबरतात. नाव न देता करता येतो का? (नाव-गाव देत नाही)

घरच्यांची भीती खोटी नाही. १३ जानेवारी २०१० ला तळेगाव दाभाडेला सकाळी घराबाहेर पडलेल्या सतीश शेट्टींचा खून झाला, जमिनीचे व्यवहार ते याच कायद्याने बाहेर काढत होते. नाव पूर्ण लपवता येत नाही कारण हक्क नागरिकाला आहे. पण कारण सांगायची गरज नाही आणि संपर्कापुरताच तपशील द्यायचा असतो, कलकत्ता हायकोर्टाने २०१३ मध्ये पोस्ट बॉक्स नंबरही चालेल असं म्हटलंय. मी तर म्हणेन एकट्याने करूच नका, वेगवेगळ्या गावच्या पाच-सात जणांनी तोच अर्ज वेगवेगळा टाका. मिळालेली माहिती लगेच चार जणांकडे पाठवून ठेवा, कागद एकाच घरात असला की सगळा धोका त्या घराला असतो.

प्रश्न: आईला लिहिता येत नाही, साधा फोन आहे. कार्यालयात म्हणाले अर्ज ऑनलाइनच करा. इंटरनेट हा मूलभूत हक्क आहे म्हणतात, मग तो तिला कुठे आहे? (चंदगड)

ताई, तुमचा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला. केरळ हायकोर्टाने २०१९ मध्ये इंटरनेट मिळणं हे शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं, आणि जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या नेटबंदीवर सुप्रीम कोर्टाने सांगितलं की इंटरनेटवरून बोलणं आणि धंदा करणं याला घटनेचं संरक्षण आहे. पण त्यामुळे तुमच्या आईच्या हातात फोन येत नाही. तिला तो लागूही नये, कारण 'ऑनलाइनच करा' ही सक्ती माहिती अधिकाराच्या कायद्यात कुठेच नाही. उलट कलम ६(१) मध्ये लिहिलंय की ज्याला लिहिता येत नाही त्याचं तोंडी ऐकून अर्ज लिहून काढायला जन माहिती अधिकाऱ्याने मदत करायची. तेव्हा आईला घेऊन जा, हे कलम एका चिठ्ठीवर लिहून न्या, आणि ती बोलेल ते तिथेच लिहून घ्यायला सांगा, मराठीतच. दारिद्र्यरेषेखालचा दाखला असेल तर दहा रुपयेही लागत नाहीत. नाही म्हणाले तर तारीख, वेळ आणि कोण म्हणालं ते लिहून राज्य माहिती आयोगाकडे कलम १८ ची तक्रार करा, अर्जच घेतला नाही तर थेट तिकडे जाता येतं.