विनोदाचा प्रोग्रॅम लिहिणारी मुलगी

प्रश्न : मुलगी इथेच नाशिकला बारावी सायन्सला आहे, आवडीने पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकते. संगणकाला विनोद शिकवून लोकांचा ताण हलका करायचा, यातच काम करायचं म्हणते. यात करिअर आहे, की पोरखेळ? – एक आई, पंचवटी

ताई, पोरखेळ नाही. मात्र नेमकी याच विषयाची पदवी शोधत बसाल तर सापडायची नाही.

1994च्या सुमारास एडिंबरा विद्यापीठात किम बिन्स्टेड आणि ग्रेअम रिची यांनी ‘जेप’ हा प्रोग्रॅम केला. शब्दकोशातले सारख्या उच्चाराचे, दुहेरी अर्थाचे शब्द हुडकून तो कोडीवजा विनोद रचायचा. त्यातूनच पुढे बोलायला अडचण असलेल्या मुलांसाठी ‘स्टँडअप’ हा प्रोग्रॅम तयार झाला. मराठीत असं काही जमेल : ‘महापालिकेत तो कर जोडून का उभा होता? कर थकला होता म्हणून!’ ‘कर’ म्हणजे हातही आणि घरपट्टीही, एवढं संगणकाला सांगितलं की झालं. (कोटी सुमार आहे, मान्य.)

खरी अडचण पुढे आहे. हसल्याने कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक उतरतं असं काही प्रयोगांत दिसलंय, पण त्यातले बरेच मोजक्या लोकांवरचे. शिवाय मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी 2003मध्ये विनोदाच्या चार शैली मांडल्या. त्यातली स्वतःलाच कमी लेखून हसवण्याची शैली नैराश्याशी जोडलेली आढळते. नापास झालेला मुलगा स्वतःची टर उडवतोय आणि अ‍ॅप त्याला साथ देतंय, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. तिथे कोडिंग कामाचं नाही, मानसशास्त्रच लागतं.

माझं मत विचाराल तर सीईटी देऊन कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घ्यावं आणि मानसशास्त्र सोबत वाचत राहावं. हैदराबादच्या ट्रिपल आयटीत बी.टेक.ला जोडून संगणकीय भाषाविज्ञानात (म्हणजे संगणकाला माणसाची भाषा शिकवण्याच्या शास्त्रात) संशोधनाची एम.एस. करता येते, तीही बघा. आयआयटी मुंबईत मजकुरातला उपरोध ओळखण्यावर संशोधन झालेलं आहे. मात्र स्वतः रुग्णांवर उपचार करायचे असतील तर वाट वेगळी : मानसशास्त्रातली पदवी, पदव्युत्तर प्रशिक्षण आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी.

परीक्षा संपली की तिला शंभरेक मराठी विनोद जमवू द्या आणि प्रत्येकाला घरातल्या सगळ्यांकडून गुण घेऊ द्या. आजी ज्याला शून्य देईल त्यालाच धाकटा भाऊ दहा देईल. ते का, हे शोधायची तिला गोडी लागली तर पुढे जाऊ द्या. तोवर ‘एआय थेरपी’चं सर्टिफिकेट विकणाऱ्या कुठल्याही क्लासची फी भरू नका.