गन शोमध्ये जुन्या रायफली बघताना डीलर इतके तुसडेपणाने का वागतात?

तुम्ही लिहिलंय की टेक्सासमधल्या एका गन शोमध्ये, म्हणजे टेबलं मांडून बंदुका विकायच्या प्रदर्शनात, ब्रिटिशकालीन रायफली बघत होतात. एक उचलली तर टेबलवाला खेकसला, दुसऱ्याने किंमत विचारल्यावर नुसतं चिठ्ठीकडे बोट दाखवलं, आणि आता पुन्हा जावंसं वाटत नाही. मी ओक्लाहोमात राहतो आणि हे वेड मलाही आहे, म्हणून सांगतो: जरूर जा. फक्त वस्तूला हात लावण्याआधी, ती का बघायची आहे हे एका वाक्यात बोला. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त तुसडेपणा तिथेच विरतो.

त्यांची बाजू आधी समजून घ्या. दीडशे वर्षांच्या लोखंडावर घामाचे हात लागले की त्यातल्या मिठाने आठवड्याभरात बोटांचे तांबूस ठसे उमटतात. मार्टिनी-हेन्री या जुन्या ब्रिटिश रायफलीला बाहेरून घोडा (चाप ओढल्यावर आपटणारा भाग) नसतो. खालची तरफ ओढली की आतली यंत्रणा आपोआप चढते, आणि हात शिवशिवतात म्हणून लोक रिकामाच चाप ओढतात. स्प्रिंग किंवा पिन तुटली तर तसा मूळ भाग आज सहज मिळत नाही. ठासणीच्या बंदुकीचा घोडा रिकामा आपटला तर बार पेटवणारी टोपी बसवायची जागा चेपते. दिवसभरात शंभर माणसं हेच करून जातात आणि त्यातला एखादाच विकत घेतो. टेबलाचं भाडं, मोटेल, पेट्रोल हे सगळं डीलरच्या खिशातून गेलेलं असतं. तो वैतागलेला असतो, आणि नेमके तेव्हा आपण हात पुढे करतो.

म्हणून आधी विचारायचं: ‘हातात घेऊ का?’ लाकडाला धरायचं, पोलादाला नाही. नळी छताकडे. तरफ किंवा घोडा हलवायचा असेल तर पुन्हा विचारायचं, आणि चापाला बोट लावायचंच नाही. फोटोसुद्धा विचारून काढा. काहीजण शिक्क्यांचे फोटो काढतात आणि तिथेच उभं राहून ऑनलाइन किंमती ताडून बघतात, ते कोणालाच आवडत नाही. आणि ‘ही घासून चकचकीत केली की छान दिसेल’ असं चुकूनही म्हणू नका. त्या काळपट थरातच तिची निम्मी किंमत असते.

आता दुसरी गोष्ट, ती झाकून ठेवणार नाही. काही डीलर चेहरा बघूनच वाकडे होतात. एका शोमध्ये माझ्या आधीच्या गोऱ्या गिऱ्हाइकाला जी स्नायडर (मार्टिनीच्या आधीची ब्रिटिश रायफल) आपणहून काढून दिली, तीच मी मागितल्यावर ‘विकायची नाही’ असं उत्तर मिळालं. किमतीची चिठ्ठी तिला लटकतच होती. अशा ठिकाणी वाद घालू नका, स्वतःला सिद्ध करत बसू नका, आणि तिथे एक डॉलरही खर्च करू नका.

पण व्हिसाबद्दल विचारलं तर लगेच राग मानू नका. एच-1बीसारख्या व्हिसावर असलेल्या माणसाला शिकारीचा परवाना वगैरे अपवाद सोडले तर बंदूक आणि काडतुसं बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे, आणि चुकीच्या माणसाला विकलं तर डीलरचा परवाना जाऊ शकतो. तुमच्या उपयोगाची गोष्ट अशी की 1968च्या कायद्यानुसार 1898पर्यंत बनलेली बंदूक ‘अँटिक’ धरली जाते आणि ही बंधनं तिला लागत नाहीत. राज्याचे नियम मात्र वेगळे असू शकतात, ते आधी तपासा. आणि घेतलेली वस्तू परवान्याशिवाय भारतात न्यायचा विचारही करू नका.

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग. या टेबलांवर आपला इतिहास पडलेला असतो आणि बहुतेक डीलर त्याला फक्त ‘ब्रिटिश माल’ म्हणून ओळखतात. 1857नंतर इंग्रजांनी देशी शिपायांसाठी मुद्दाम 1858 पॅटर्नची मस्केट काढली. दिसायला गोऱ्या शिपायांच्या एनफिल्ड रायफलीसारखीच, पण नळीत आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) नाहीत, सुमारे 0.65 इंचांची गुळगुळीत नळी आणि नेम धरायचं साधं, न सरकणारं माप. म्हणजे शिपायाच्या गोळीला लांबवर नेम साधता येऊ नये याची सोय. पुढेही गोऱ्या पलटणींच्या हाती मार्टिनी आली तेव्हा देशी पलटणींना स्नायडर, आणि गोऱ्यांना त्याहून नवी ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा देशींना मार्टिनी. अविश्वास लाकडा-लोखंडात उतरलेला बघायचा असेल तर एनफिल्ड आणि ही मस्केट शेजारी शेजारी धरून दोन्ही नळ्यांत टॉर्चने बघावं. मी हे एका म्हाताऱ्या डीलरला सांगितलं. तोवर तो हं-हं करत होता. मग त्याने टेबलाखालची पेटी उघडून ईस्ट इंडिया कंपनीचा उभा सिंह कोरलेली बंदूक दाखवली, जी त्याने मांडलेलीच नव्हती.

रायफल घ्यायची ऐपत नसेल तर काडतुसाची रिकामी पुंगळी घ्या. .303 या ब्रिटिश मापाच्या पुंगळ्यांमध्ये बुडाशी ‘के’ आणि ‘एफ’ अक्षरं असलेली शोधा. तो खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा शिक्का, 1869 सालचा कारखाना तो. छोटी का होईना, खरेदी झाली की डीलर बोलायला लागतो.

अफगाणिस्तानातून आलेल्या मार्टिनींबाबत सावध राहा. खैबर खिंडीकडच्या कारागिरांनी केलेल्या नकला त्यात बऱ्याच असतात: उलटा कोरलेला इंग्रजी ‘एन’, चुकलेलं स्पेलिंग, किंवा व्हिक्टोरिया राणीचा शिक्का आणि खाली ती गेल्यानंतरचं, म्हणजे 1901नंतरचं साल. ओळखलंत तरी टेबलापाशी चारचौघांत ‘नकली’ म्हणू नका. तेवढ्यावरून मी भांडणं झालेली पाहिली आहेत.

आणि शो निवडून जा. जिथे नव्या पिस्तुलांची आणि गोळ्यांच्या खोक्यांची टेबलं जास्त, तिथल्या जुन्या रायफली पुष्कळदा कोणाच्या तरी वारसांनी विकायला दिलेल्या असतात. विकणाऱ्याला त्यातलं काही माहीत नसतं, म्हणून तो प्रश्नांवर वसकन अंगावर येतो. मार्चमध्ये बाल्टिमोरजवळ टिमोनियमला भरणारा शो संग्राहकांचाच, तिथे बोलायला आसुसलेली माणसं भेटतात. तुम्हाला ओक्लाहोमातलं टल्सा जवळ पडेल. एप्रिल आणि नोव्हेंबरमध्ये तिथे एका छताखाली चार हजारांवर टेबलं लागतात. शनिवारी सकाळी फक्त फिरा आणि माणसं हेरून ठेवा. भाव करायला रविवारी दुपारी जा, तेव्हा सामान परत लादायचा कंटाळा आलेला असतो. वस्तूला नावं न ठेवता, ‘शेवटचा भाव काय?’ एवढंच विचारा.