प्रश्न तुमचे, उत्तरे आमची : जुन्या पॉइंट टू-टू टार्गेट रायफली

जुन्या स्मॉल बोअर, म्हणजे पॉइंट टू-टू (०.२२ इंच) नळीच्या, रायफलींबद्दल बरीच पत्रे आली. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांतली पाच पत्रे इथे घेतली आहेत.

प्रश्न : मी लेस्टरच्या एका क्लबात प्रोन (पालथे झोपून) नेमबाजी करतो. क्लबातल्याच एका ज्येष्ठ सभासदाची बीएसए कंपनीची मार्टिनी (खालच्या लिव्हरने उघडणारी) इंटरनॅशनल मार्क टू रायफल विकायला आहे. किंमत अगदी कमी सांगतात. लाकूड चकचकीत आहे, मात्र साईट (नेम धरायची साधने) नाहीत. घ्यावी का?

उत्तर : बॅरल (नळी) चांगले असेल आणि साईटचा खर्च किमतीत धरूनही परवडत असेल, तर जरूर घ्या. लाकडाच्या चकाकीला मात्र पैसे मोजू नका.

आधी किमतीविषयी, म्हणजे शंका राहणार नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धानंतर ब्रिटनमध्ये सामान्य माणसाला नेमबाजी यावी म्हणून सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांनी जोर लावला. १९०१ मध्ये त्यासाठी संस्था निघाली, तीच आजची नॅशनल स्मॉल-बोअर रायफल असोसिएशन. गावोगावी, कारखान्याकारखान्यांत २५ यार्डांच्या रेंज उभ्या राहिल्या आणि त्यांच्यासाठी बर्मिंगहॅमच्या बीएसएने मार्टिनी रायफली सातत्याने बनवल्या. आता स्पर्धेतले नेमबाज बोल्टच्या (दांडा मागे-पुढे ओढायच्या) जर्मन रायफलींकडे वळले आहेत, त्यामुळे मार्टिनी स्वस्त मिळते. स्वस्त आहे म्हणून ती बिघडलेलीच असणार, असे नाही.

इंटरनॅशनल मालिकेतला मार्क वन १९५० चा, मार्क टू १९५३ चा आणि मार्क थ्री १९५९ चा. पहिल्या दोन्हींत पुढचे लाकूड बॅरललाच धरलेले असते. मार्क थ्रीमध्ये बॉडीतून (यंत्रणेच्या धातूच्या घरातून) पुढे आलेल्या दांड्यावर ते टांगलेले असते, त्यामुळे बॅरल मोकळे राहते आणि स्लिंगचा (हाताला अडकवायच्या पट्ट्याचा) ताण बॅरलवर येत नाही. दोन्ही मिळत असतील तर आमचे मत मार्क थ्रीला. पण चांगल्या बॅरलचा मार्क टू समोर असताना खराब बॅरलच्या मार्क थ्रीमागे धावू नका.

बघायला सुरुवात मझलपासून, म्हणजे बॅरलच्या तोंडापासून, करा. मार्टिनीत साफसफाईचा गज तोंडाकडून घालण्याची सवय सर्रास होती, आणि वर्षानुवर्षे गज एकाच बाजूला घासला की तिथल्या रायफलिंगच्या (आतल्या पीळदार उठाव-खाचांच्या) कडा बोथट होतात. दहापट भिंग आणि छोटी विजेरी घ्या. मझलच्या कडेला प्रत्येक उठाव सारखाच धारदार दिसला पाहिजे. एका बाजूचे दोन-तीन उठाव गोलसर दिसले, तर गोळी बाहेर पडताना वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला तिरका धक्का बसतो. हा दोष दुरुस्त होतो. चांगला गनस्मिथ मझल थोडे कापून नवा क्राउन (तोंडाची अचूक कड) काढतो. तेवढा खर्च किमतीतून वजा मागा.

त्यानंतर मागून उजेड टाकून बॅरल तपासा. आत एखादे काळसर कडे दिसले आणि बाहेरून बोट फिरवताना त्याच जागी किंचित फुगवटा लागला, तर अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी झाडली गेली आहे. अशा बॅरलवर क्राउनचा इलाज चालत नाही. ती रायफल सोडून द्या.

मग यंत्रणा. चेंबर (काडतूस बसते ती जागा) रिकामे असल्याची खात्री करून रायफल कॉक करा (झाडण्यासाठी ताणा), लिव्हर बंद करा आणि बट रबरी चटईवर दोन-तीनदा आपटा. ट्रिगरला हात न लावता हॅमर सुटला, तर ट्रिगरच्या धारा झिजलेल्या आहेत किंवा कुणीतरी हौसेने घासल्या आहेत. स्क्रू सैल दिसले म्हणून घरचे मेट्रिक स्क्रू ठोकून बसवू नका. हे ब्रिटिश आटे आहेत. मेट्रिक स्क्रू दोन वळसे आत जातो आणि मग बॉडीतले आटे खातो.

आता साईट. पार्कर-हेल या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या मागच्या साईट वेगवेगळ्या बॉडींसाठी वेगवेगळ्या पट्ट्यांवर येत. विकत घेण्याआधी तुमच्या रायफलीवरच्या भोकांमधले अंतर कॅलिपरने मोजून विक्रेत्याला कळवा. पुढच्या आणि मागच्या साईटची उंची जुळली नाही, तर मागच्या साईटचे फिरवणे संपते तरी नेम जागेवर येत नाही. किती फरक लागेल ते आधीच काढता येते. दोन साईटमधले अंतर ७६० मिलिमीटर असेल आणि ५० मीटरवर गोळ्या १०० मिलिमीटर खाली लागत असतील, तर १०० गुणिले ७६० भागिले ५०,००० म्हणजे साधारण दीड मिलिमीटर. मागची साईट तेवढी वर जायला हवी किंवा पुढची तेवढी खाली. पुढच्या साईटच्या बोगद्यात (नळीत) १८ मिलिमीटरच्या रिंगा बसतात की २२ च्या, तेही विचारून घ्या, म्हणजे नवीन रिंगा चुकीच्या येणार नाहीत.

कागदपत्रांत एक गैरसमज नेहमी दिसतो. रायफल शंभर वर्षांची असली तरी पॉइंट टू-टू रिमफायर (कडेवर ठोका बसून पेटणाऱ्या काडतुसाची) ब्रिटिश कायद्यात ‘अँटिक’ म्हणून सुटत नाही. फायरआर्म सर्टिफिकेटवर (बंदुकीच्या परवान्यावर) त्या रायफलीसाठी जागा मंजूर झाल्यावरच व्यवहार करा. व्यवहार झाल्यावर सात दिवसांत दोघांनीही पोलिसांना कळवायचे असते.

प्रश्न : कोल्हापूरला आमच्या आजोबांच्या नावावर पॉइंट टू-टूची जुनी बीएसए रायफल होती. आजोबा गेले. बॅरल आतून काळे, खरबरीत आहे. बॅरलवर ‘पार्करायफल्ड’ असा ठसा आहे. वस्तू म्हणून जपायची आहे. काय करावे?

उत्तर : सगळ्यात आधी परवाना. परवानाधारक गेल्यावर रायफल घरात तशीच ठेवणे बेकायदा ठरते, ती चालत नसली तरी. शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या आणि वारस म्हणून परवान्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे (आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्तांकडे) अर्ज करा. आजोबांचा मूळ परवाना, मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि इतर वारसांची लेखी संमती बरोबर ठेवा. संमतीअभावी अर्ज अडकून पडतात, म्हणून ती आधी गोळा करा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात, हेही हिशेबात धरा. खेळाडू नेमबाजांची सवलत वेगळी आहे.

‘पार्करायफल्ड’ या ठशाने निराश होऊ नका. झिजलेले बॅरल मोठ्या व्यासाने पोखरून त्यात नव्या रायफलिंगची पोलादी नळी बसवायची, हे पार्कर-हेलचे काम होते. मझलवर बारकाईने पाहिले तर दोन धातूंमधली केसाएवढी गोल रेघ दिसते. म्हणजे तुमची रायफल पूर्वीच एकदा दुरुस्त झालेली आहे.

काळेपणा दोन प्रकारचा असतो. शिसे आणि जळालेल्या मेणाचा थर असेल तर तो निघतो. चांगले बोअर सॉल्व्हंट लावून वीस मिनिटे थांबा, पितळी ब्रश दहा-बारा वेळा आरपार फिरवा, मग फ्लॅनेलची चिंदी. चिंदी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा तेच. ब्रश बॅरलच्या मध्येच उलटा फिरवू नका, तारा वाकतात. एनसीसीत शिकलेल्यांना पुलथ्रूची (दोरीने चिंदी ओढण्याची) सवय असते. तो ओढताना दोरी मझलच्या कडेला घासू देऊ नका.

एवढे करूनही टिंब टिंब खड्डे उरले, तर तो गंज आहे आणि तो बहुधा जुन्या काडतुसांचा. १९३० च्या आधीच्या बहुतेक काडतुसांच्या प्रायमरमध्ये (ठिणगी देणाऱ्या दारूत) पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून पोटॅशियम क्लोराइड म्हणजे मीठच मागे उरते आणि ते हवेतला ओलावा ओढून घेते. तेलात मीठ विरघळत नाही, पाण्यात विरघळते. नुसते तेल लावून ठेवलेली बॅरल्स म्हणूनच आतून खाल्ली गेली. खड्डे घासून काढायला पॉलिश पेपर किंवा ड्रिल लावू नका, बॅरलचा व्यास वाढतो आणि उरलीसुरली अचूकताही जाते. बाहेरचे ब्लूइंगही (पोलादावरचा निळसर-काळा थर) नव्याने करू नका. फिकट झालेले मूळ ब्लूइंग आणि स्पष्ट ठसे यांना संग्राहक मान देतात. बफिंग करून गुळगुळीत झालेल्या अक्षरांना कुणी विचारत नाही.

प्रश्न : न्यू जर्सीत विंचेस्टर मॉडेल ५२ बघतो आहे. नंबरापुढच्या ए, बी, सी, डी अक्षरांचा अर्थ काय? मी एच-वन-बी व्हिसावर आहे.

उत्तर : शेवटच्या वाक्याचे उत्तर आधी. अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगणे सर्वसाधारणपणे मना आहे. शिकारीचा वैध परवाना असणे यासारखे मोजकेच अपवाद आहेत. ग्रीन कार्ड मिळाल्यावर प्रश्न मिटतो. वकिलाला विचारल्याशिवाय पैसे देऊ नका, ‘मित्राच्या नावावर घेतो’ हा मार्ग तर मुळीच नको. तो गुन्हा आहे.

मॉडेल ५२ स्पर्धेत उतरले १९१९ मध्ये. अक्षर म्हणजे सुधारणेची पायरी. बी १९३५ चे, सी १९५१ चे, डी १९६१ चे. सी मध्ये ‘मायक्रो-मोशन’ ट्रिगर आला, डी एका वेळी एकच काडतूस घेणारे आहे. अक्षर नसलेल्या सुरुवातीच्या रायफलींत ट्रिगर ओढल्यापासून पिन काडतुसावर आदळेपर्यंत वेळ जास्त लागतो. १९२९ मध्ये ‘स्पीड लॉक’ आले. वापरायला घेत असाल तर बी किंवा सी घ्या.

बॅरलवर जुन्या लांब दुर्बिणीचे दोन ठोकळे असतील तर त्यांच्या मध्यांमधले अंतर मोजा. ते ७.२ इंच असेल तर दुर्बिणीचा एक क्लिक (फिरवण्याची एक पायरी) कोनाच्या मापात पाव मिनिटाचा, म्हणजे १०० यार्डांवर साधारण पाव इंच. ठोकळे कुणी हलवले असतील तर हा हिशेब चुकतो आणि बॅरलवर जादा भोकेही सापडतात. मूळ नसलेले प्रत्येक भोक किंमत उतरवते.

प्रश्न : पुण्यातल्या आमच्या प्रशिक्षकांकडे जुनी जर्मन अँशुट्झ मॅच ५४ रायफल आहे. दोन वर्षांपूर्वी चांगला ग्रुप (लक्ष्यावर गोळ्यांचा पुंजका) येत होता, आता उभा पसरतो. बॅरल संपले का? आणि ती कोणत्या सालची ते कसे ओळखायचे?

उत्तर : पॉइंट टू-टूचे बॅरल हजारो नव्हे, दहा-दहा हजारांच्या पटीत गोळ्या सहन करते, कारण गोळी मऊ शिशाची आणि वेग सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास. बॅरलला दोष देण्याआधी लाकूड बघा.

टॉर्क रेंच आणा. स्टॉकचे (लाकडी दस्त्याचे) दोन्ही स्क्रू ५ न्यूटन-मीटरला बसवा. मग रायफल उभी धरून बॅरल आणि पुढच्या लाकडाच्या सांध्यावर बोटाचे टोक ठेवा आणि दुसऱ्या हाताने पुढचा स्क्रू हळूहळू सोडा. बोटाखाली बॅरल लाकडापासून वर उचलल्यासारखे जाणवले, तर ॲक्शन (बोल्ट-ट्रिगरची यंत्रणा) ताणाखाली बसलेली आहे. डायल गेज लावल्यास ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त हालचाल नको. पुण्याचा कोरडा उन्हाळा आणि पाठोपाठ पावसाळा यांत अक्रोडाचे लाकूड आकसते-फुगते आणि ॲक्शनखालची बैठक बदलते. उभा पसरलेला ग्रुप हे त्याचे नेहमीचे लक्षण. नवीन बेडिंग (ॲक्शनची बैठक) करणारा माणूस शोधा, बॅरल नंतर.

बैठक ठीक निघाली तर काडतुसांची बॅच बदलून पाहा. पाच बॅच घ्या, प्रत्येकीचे दहा गोळ्यांचे दोन ग्रुप, रायफल टेकवून, ५० मीटरवर. बॅच बदलली की आधी पंधरा-वीस गोळ्या मातीत सोडा, कारण बॅरलमधला आधीच्या मेणाचा थर बदलायला तेवढ्या लागतात. नीट बसलेली जुनी मॅच ५४ चांगल्या बॅचबरोबर २० मिलिमीटरच्या आत राहायला हवी. तुलनेसाठी, ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. हाय-व्हेलॉसिटी काडतुसे वापरू नका. गोळी ध्वनीचा वेग ओलांडून परत खाली येताना डळमळते.

साल बॅरल आणि बॉडीवरच्या प्रूफ (ताकदीच्या चाचणीच्या) ठशांजवळ असते. जर्मनीतल्या उल्मच्या प्रूफ हाऊसचे चिन्ह हरणाचे शिंग. त्याशेजारी सालाचे दोन आकडे असतात किंवा दोन अक्षरे. अक्षरांत ए म्हणजे ०, बी १, असे आय म्हणजे ८ पर्यंत, जे वगळून के म्हणजे ९. ‘जीआय’ दिसले तर १९६८. कंपनी १९५० मध्ये उल्मला आली, त्याआधीच्या तिच्या रायफलींवर थुरिंगियातल्या झेला-मेहलिसचे नाव सापडते.

प्रश्न : जुन्या रायफलीवर रिकामा ट्रिगर ओढून सराव केला तर चालतो का?

उत्तर : पॉइंट टू-टूवर नाही. रिमफायरमध्ये पिन काडतुसाच्या कडेवर आदळते. कड नसेल तर काही रायफलींत ती थेट चेंबरच्या ओठावर आदळते आणि तिथे खाच पडते, खाचेतला धातू चेंबरमध्ये उचलून येतो. वापरलेली पुंगळी एकाच जागी अडखळत निघते, तिच्या कडेजवळ बारीक ओरखडा दिसतो. अशी रायफल विकत घेताना चेंबरच्या ओठावर विजेरी धरून पिनच्या जागी ही खाच शोधा. छोटी असेल तर गनस्मिथ चेंबर आयर्न नावाच्या निमुळत्या दांड्याने धातू परत मागे दाबतो. कानस किंवा रीमर लावणाऱ्याला रायफल देऊ नका, धातू एकदा निघाला की परत येत नाही. सरावासाठी प्लास्टिकची डमी काडतुसे मिळतात, आणि दर वीस-पंचवीस वेळा ती फिरवा किंवा बदला, कारण त्याच जागी पुन्हा पुन्हा घाव बसून त्यांची कडही मऊ पडते.